ऑनलाइन पैसे गेले? आधी १९३०

खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज दिसला की नातेवाइकांना नंतर सांगा, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन लावा. चोर रक्कम काही मिनिटांत तीन-चार खात्यांत फिरवतो आणि एटीएममधून काढतो. एकदा रोख निघाली की पोलिसांच्या हाती फक्त कागद उरतो.

फोन करण्यापूर्वी हे समोर ठेवा: बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक. यूपीआयमध्ये तो १२ अंकी असतो. एक आकडा चुकला तर पैशाचा माग तिथेच तुटतो, म्हणून मेसेज बघून सांगा, आठवणीने नको. रक्कम पाच हप्त्यांत गेली असेल तर पाचही क्रमांक द्या. लोक हमखास शेवटचाच सांगतात.

तक्रार नोंदली की ती संबंधित बँकेकडे जाते. पैसे पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेकडे. जिथे रक्कम सापडते तिथे ती होल्ड होते, म्हणजे खात्यातच अडवली जाते. पण होल्ड म्हणजे परत मिळाली असे नव्हे. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो.

तक्रार क्रमांक जपून ठेवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर माहिती पूर्ण भरा, बँकेलाही लेखी कळवा. फोन रिसेट करू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्याच, पण मूळ संदेश फोनमध्येच राहू द्या.

'हद्द आमची नाही' असे ठाण्यात ऐकवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते.