लाइव्हसाठी पेडल की मॉडेलर? घेण्याआधी तुलना अशी करा

पेडल म्हणजे गिटारच्या आवाजाला एखादा इफेक्ट देणारा, पायाने दाबायचा डबा; मॉडेलर म्हणजे असे सगळे इफेक्ट आणि ॲम्पची डिजिटल नक्कल एकाच डब्यात. दुकानात हेडफोन लावून मॉडेलर वाजवला की तो आवडतोच. पहिले चार-पाच प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेले आवाज, कंपनीने त्यासाठीच रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) भिजवून ठेवलेले असतात. स्टेजवर ड्रमरने सिंबलवर हात टाकला की मात्र त्यातली गिटार शोधावी लागते.

१. आवाज कुठून बाहेर पडणार, ते आधी ठरवा

निम्मा निर्णय इथेच होतो. स्टेजवर स्वतःचा ॲम्प असेल तर पेडल किंवा नुसते इफेक्ट देणारं युनिट पुरतं. गिटार थेट मिक्सरला जाणार असेल, तर ॲम्प आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) या दोन्हींची नक्कल करणारा मॉडेलर हवा. नावं सारखी असली तरी फसू नका: लाइन सिक्स कंपनीच्या एचएक्स स्टॉम्पमध्ये ॲम्प मॉडेल आहेत, एचएक्स इफेक्ट्समध्ये नाहीत.

कारण साधं आहे. गिटार कॅबिनेटचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नाही. पीएचे, म्हणजे मिक्सरपुढे प्रेक्षकांसाठी लावलेले, स्पीकर सगळं ऐकवतात. म्हणून डिस्टॉर्शन पेडल (आवाज फाटका करणारं) थेट मिक्सरला जोडलं की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाजतं. उलट, मॉडेलर गिटार ॲम्पला जोडला तर कॅबिनेटवर कॅबिनेट चढतं आणि आवाज गोधडीखालून येतो. अशा वेळी कॅबिनेटची नक्कल बंद करा आणि ॲम्पला इफेक्ट रिटर्न (सिग्नल थेट पॉवर ॲम्पला नेणारं इनपुट) असेल तर मॉडेलर तिथे जोडा.

२. दोन्हींचा आवाज सारखा करा, मग वाढवा

गिटार तीच, गाणं तेच. दोन्हींचा व्हॉल्यूम जुळवून घ्या, कारण जे जरा मोठं वाजतं तेच कानाला सरस वाटतं. त्यानंतर प्रॅक्टिस रूममध्ये बँडसोबत, कार्यक्रमाच्या आवाजात ऐका. हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ साली मोजून दाखवलं. घरी आपण नेमके तेच दोन वाढवून ठेवतो. मग स्टेजवर गिटार खाली बेसशी भांडते, वर सिंबलशी. मॉडेलरवर फुली मारण्याआधी लो कट आणि हाय कट (अगदी खालचा आणि अगदी वरचा आवाज कापणारे फिल्टर) फिरवून बघा, अर्धी तक्रार तिथेच मिटते.

३. पायांची परीक्षा घ्या

समजा कडवं क्लीन आहे आणि धृपदाला ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) व डिले (प्रतिध्वनी) चालू आणि कोरस नावाचा इफेक्ट बंद करायचा आहे. पेडलबोर्डवर हे तीन ठोके झाले, तेही गाता-गाता. मॉडेलरवर एक बटण. पण बरेच मॉडेलर प्रीसेट बदलताना क्षणभर गप्प होतात. एक सूर लांबवून ठेवा आणि बटण दाबा. सूर तुटला, डिलेचं शेपूट कापलं गेलं, तर एकाच प्रीसेटमधले सीन किंवा स्नॅपशॉट (त्याच प्रीसेटच्या साठवलेल्या वेगवेगळ्या सेटिंग) वापरून पुन्हा तपासा.

आता उलटी परीक्षा: गाणं चालू असताना गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) थोडा कमी करा. पेडलवर वाकलं, नॉब फिरवला, झालं. मॉडेलरवर त्यासाठी दोन पानं उलटावी लागत असतील तर माझ्या मते तो लाइव्हचा नाही, घरचा आहे.

४. वीज मोजा

बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात, पण करंट प्रत्येकाचा वेगळा. साध्या ओव्हरड्राइव्हला १०-२० मिलिॲम्पिअर पुरतात, डिजिटल रिव्हर्बला २००-३०० लागू शकतात. सगळ्यांना एकाच अडॉप्टरची माळ घातली की गुणगुण सुरू झालीच म्हणून समजा. आयसोलेटेड पॉवर सप्लायचा (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणाऱ्या) खर्च पेडलच्या हिशेबात आधीच धरा.

मॉडेलर बंद करून पुन्हा चालू करा आणि सुरू व्हायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजा. एका कार्यक्रमात वीज डोळा मिटावा इतकीच गेली. ट्रान्झिस्टरवाला बेस ॲम्प लगेच बोलू लागला. माझा मॉडेलर जागा होईपर्यंत गायकाने दोन विनोद सांगितले. दुसऱ्याला कोणी हसलं नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत कॅबिनेटची नक्कल असलेलं एक छोटं प्रीॲम्प पेडल असतं, मिक्सरला थेट जोडता येणारं.