टीव्ही बघून सह्याद्रीत शिरताय? या चुका टाळा

“हरवलो तर ओढा शोधायचा आणि त्याच्याबरोबर खाली उतरायचं. खाली वस्ती असतेच.” पावसाळा संपला की नवी बॅच येते आणि गाडी त्र्यंबक रोडला लागते न लागते तोच कोणीतरी हे वाक्य म्हणतं. कुठे ऐकलंस विचारलं तर उत्तर ठरलेलं: टीव्हीवर, जंगलात एकट्याने तगून दाखवणाऱ्या कार्यक्रमांत. गेली अठरा वर्षं मी नाशिकहून नवख्या मंडळींना अंजनेरी, हरिहर, धोडप, साल्हेर असे किल्ले दाखवायला नेतोय. पूर्वी लोक काहीच माहीत नसताना यायचे, त्यांना शिकवणं सोपं जायचं. आता अर्धवट शिकून येतात आणि ते पुसण्यातच अर्धा दिवस जातो. म्हणून एकदा बसून लिहून काढतोय.

ओढ्याबरोबर खाली उतरणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिच्यापायी मी एक अख्खी रात्र काढली आहे.

हा सल्ला मुळात खोटा नाही, तो दुसऱ्या मुलखाचा आहे. लांबच लांब पसरलेल्या जंगलात नदी धरून चाललं तर माणूस वस्तीला लागू शकतो. आपला डोंगर मात्र साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालाय. कठीण थराचा कडा उभा राहतो आणि मऊ थर झिजून त्याचा उतार होतो. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, ते स्वीडिशमधल्या जिन्याच्या शब्दावरून. इथली एखादी पायरी दहा फुटांची असते, एखादी तीनशे फुटांची. गावकऱ्यांची पाऊलवाट या पायऱ्यांना वळसा घालून खिंड शोधते. ओढा सरळ जातो आणि कड्यावरून पडतो. ऑगस्टमध्ये ज्याच्यासमोर उभं राहून आपण फोटो काढतो तो धबधबा डिसेंबरात कोरडा पडलेला असतो आणि वरून बघणाऱ्याला ती उतरायची मोकळी वाट वाटते.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरातला रविवार होता. रात्री आठला ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. मुलगा दोन मित्रांबरोबर अंजनेरीला गेला होता आणि फोन लागत नव्हता. मी पायथ्याच्या चहावाल्या दादांना फोन केला, तर दोन बाईक अजून तिथेच उभ्या होत्या. पोलिसांना कळवलं, दोर घेतला आणि मी नि एक सोबती असे दोघं निघालो. गावातले दोघं विचारायच्या आधीच चपला घालून तयार होते. पठारावर पोचायला अकरा वाजले. दर पाच मिनिटांनी शिट्टी मारायची आणि गप्प उभं राहून ऐकायचं, असं करत करत शेवटी एका ओढ्याच्या खालून हाक आली.

तिघं एका टप्प्यावर अडकले होते. अंधार पडताना वाट चुकली, ओढा दिसला, त्यात उतरले. पहिले दोन टप्पे बसून घसरत पार केले. तिसरा दहा-बारा फुटांचा होता. त्यावरून एकाने उडी मारली, बाकीचे दोघं त्याच्यामागे लोंबकळून उतरले. पुढे पन्नास-साठ फुटांचा सरळ कडा. परत वर चढायला हाताला धरायला काही नाही. उडी मारलेल्या पोराचा घोटा इतका सुजला होता की बुटाची नाडी सुटेना, शेवटी ती कापावी लागली. कापायला चाकू त्यांच्याकडेच निघाला. ऑनलाइन मागवलेला, मागच्या बाजूला करवतीचे दात आणि मुठीत होकायंत्र असलेला. टॉर्च मात्र तिघांत एकाकडेही नव्हता. त्यांना दोराने वर घेईपर्यंत पहाटेचे तीन वाजले. गावातल्या दोघांपैकी वयाने मोठे असलेले दादा दोर गुंडाळताना एवढंच म्हणाले, “पाणी पडलं तरी त्याचं काय मोडत नाही, भाऊ.”

मी त्या मुलाला विचारलं, पहिल्याच टप्प्याला मागे का फिरला नाहीस? म्हणाला, “सर, वाटलं होतं फिरावं. पण टीव्हीवर तो कधी थांबत नाही ना, चालत राहतो.”

खरी मेख इथे आहे. हरवलेल्या माणसाने करायची सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे बसून राहणं. पण बसून राहिलेला माणूस चाळीस मिनिटं कोणी बघत नाही, म्हणून कार्यक्रमात तो चालतच राहतो.

माझी सवय सांगतो. प्रत्येक वळणावर मागे वळून बघायचं, कारण परतताना वाट तशी दिसणार असते. वाट सुटली असं वाटलं की शेवटची ओळखीची जागा आठवायची आणि तिथवर वर चढून जायचं. ती सापडली नाही तर उजेड आहे तोवर उघड्या, सपाट जागी बसायचं. शिट्टी शर्टाच्या खिशात ठेवायची, सॅकमध्ये नाही. दुपारी तीनला जिथे असू तिथून परतायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. यावरून माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी पुढच्या वेळी नेत नाही.

कॅमेरा न मोजणं

नवख्यांच्या पहिल्या बैठकीत मी एक खेळ घेतो. जगण्या-तगण्याच्या एखाद्या कार्यक्रमाचा तुकडा लावायचा आणि पोरांना फक्त कॅमेरे मोजायला सांगायचे. नायक कड्यावरून दोराने उतरतोय. एक कॅमेरा वरून, म्हणजे वर कोणीतरी आहे. एक खालून, म्हणजे त्याच्या आधी कोणीतरी खाली पोचलंय. एक हवेतून. मग पोरांना आपोआप दिसायला लागतं की या ‘एकट्या’ माणसाबरोबर माणसं आहेत, दोर बांधणारे आहेत, आणि जागा आधी पाहून ठेवलेली आहे.

यात माझा काही शोध नाही. डिस्कव्हरीच्या ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ या कार्यक्रमावर 2007 मध्येच गदारोळ झाला होता. काही भागांत रानात एकटा म्हणून दाखवलेला त्याचा नायक बेअर ग्रिल्स रात्री हॉटेलात राहत होता, असं बाहेर आलं. त्या कार्यक्रमाच्या एका सल्लागाराने सांगितलं की तराफा टीमने आधी बांधला, मग सोडला आणि तो ग्रिल्सने बांधल्याचं दाखवलं. जंगली म्हणून आलेले घोडे तर पाळीव होते. ब्रिटनमध्ये तो दाखवणाऱ्या चॅनल 4 ला उत्तरं द्यावी लागली. डिस्कव्हरीने भाग दुरुस्त केले आणि पुढे सुरुवातीला सूचना घातली की टीमची मदत मिळते आणि काही प्रसंग दाखवण्यासाठी मुद्दाम उभे केले जातात. ती पाटी दोन-चार सेकंदांची असते. आपली पोरं तेवढ्यात पॉपकॉर्न आणायला उठतात.

जिम कॉर्बेटमधला पंतप्रधान मोदींचा भाग 12 ऑगस्ट 2019 ला आला, तेव्हा एका शाळकरी मुलीने मला विचारलं की ग्रिल्सला हिंदी कसं कळतं? फार चांगला प्रश्न होता. पुढे ‘मन की बात’मध्ये मोदींनीच सांगितलं की ग्रिल्सच्या कानात छोटं यंत्र होतं आणि बोललेलं लगेच इंग्रजीत होऊन त्याला ऐकू जायचं. कार्यक्रमात हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. प्रश्न त्या मुलीच्या मनात उठला, एवढंच मला प्रत्येक बघणाऱ्याकडून हवंय.

ग्रिल्स काही साधा माणूस नाही. तो ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या खास कारवाया करणाऱ्या दलाच्या राखीव तुकडीत होता, पॅराशूटच्या अपघातात पाठीचं हाड मोडल्यानंतर 1998 मध्ये एव्हरेस्ट चढला. त्याला जमतं ते तुम्हाला जमेल, हा हिशोब चुकीचा आहे.

सगळंच खोटं म्हणून सोडून देणं

हीही चूकच. कॅनडाच्या लेस स्ट्राउडचा ‘सर्व्हायव्हरमॅन’ बघा. तो बहुतेक भागांत सात दिवस एकटा राहून स्वतःच चित्रण करायचा. दूर जाताना स्वतःला दाखवायचं तर कॅमेरा लावून चालत जायचं, परत येऊन कॅमेरा उचलायचा आणि तीच वाट पुन्हा चालायची. एकेक वाट तीनदा! त्याच्याही मदतीची माणसं काही अंतरावर असायची, पण त्याचं थकणं आणि कंटाळणं पडद्यावर यायचं. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘अलोन’मध्ये स्पर्धक स्वतःच चित्रण करतात, बरोबर सॅटेलाइट फोन असतो आणि डॉक्टर मधून मधून तपासतात. पहिल्या पर्वाचा विजेता 56 दिवस राहिला. ते बघताना लक्षात येतं की टिकणारी माणसं बराच वेळ निवारा, सरपण आणि मासे एवढ्यापुरतीच हलतात. माझ्या दृष्टीने शिकण्यासारखं तेच.

साप चावल्यावर ब्लेड शोधणं

चिरा द्यायचा, रक्त चोखायचं, करकचून बांधायचं. तीनही गोष्टी करायच्या नाहीत. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत मी पोराच्या पायाला पायजम्याची नाडी इतकी घट्ट बांधलेली पाहिली की खालचा पाय निळा पडला होता. दवाखान्यात ती सोडताना डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता.

आपल्याकडे 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून किंवा धरून न्यायची गरजच नसते. मण्यार चावलेली तर पुष्कळदा दुखतही नाही, काही वेळाने पापण्या जड होतात. माणसाला धीर द्या, अंगठी, घड्याळ, पैंजण काढा, काठी आणि ओढणीने तो अवयव हलणार नाही असा बांधा, चालवू नका, उचलून आणा. 108 ला फोन करा आणि ज्या दवाखान्यात नेणार तिथे प्रतिविष आहे का ते वाटेतच विचारा.

बाकीच्या चुका

लघवी पिऊ नका. त्यात शरीराने बाहेर टाकलेले क्षार असतात. अमेरिकन सैन्याच्या माहितीपुस्तकातही ती न पिण्याच्या यादीत आहे. माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघा. किल्ल्यावरच्या टाक्यातलं घ्यावं लागलंच तर कापडाने गाळून चांगलं खळखळून उकळा.

शेवाळावरून उत्तर दिशा ओळखू नका. आपल्या पावसात ते चारही बाजूंना येतं.

अनोळखी फळं-बिया चाखू नका. एक रात्र उपाशी राहून धडधाकट माणूस मरत नाही, चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मात्र मुलं दवाखान्यात पोचतात.

काड्या घासून आग पेटवायचा हट्ट सोडा. उन्हाळ्याच्या तोंडावर तर काडेपेटीही बाहेर काढू नका. अंजनेरीचं कंदीलपुष्प 2006 मध्ये जगाला नवं म्हणून कळलं, ते याच गवतात उगवतं आणि कड्यांवर गिधाडं घरटी करतात. एका ठिणगीने पेटलेला वणवा अख्खी सोंड काळी करतो. मी तो विझवायला झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन पळालोय, आणि तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

धबधब्याच्या डोहात उडी नको. दुगारवाडीला जाताना ओढा ओलांडावा लागतो. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडत असतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की त्याच क्षणी वस्तीच्या बाजूच्या काठाला या. चप्पल राहिली तर राहू द्या.

आणि निघताना कागदावर नावं, फोन नंबर, कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे लिहून पायथ्याच्या चहाच्या टपरीवर द्या. परत आल्यावर तो कागद आठवणीने मागून घ्या. माझी एक बॅच दुसऱ्या वाटेने उतरून परस्पर नाशिकला निघून आली होती. रात्री साडेनऊला टपरीवाल्या दादांचा मला फोन आला तेव्हा ते टॉर्च घेऊन अर्ध्या वाटेवर पोचले होते, एकटेच.