दोघेही नोकरी करत असाल तर डब्ल्यू-४ कसा भरावा

अमेरिकेत एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला कामाचा परवाना मिळतो, घरात दुसरा पगार सुरू होतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये हजारो डॉलर कर एकरकमी भरावा लागतो. पगारातून किती कर कापावा हे कंपनीला सांगणाऱ्या डब्ल्यू-४ या फॉर्मवर दोघांनीही 'विवाहित, संयुक्त विवरणपत्र' एवढेच निवडले, तर प्रत्येक कंपनी आपण देतो तो पगार म्हणजेच त्या घराचे सगळे उत्पन्न असे धरते. त्यामुळे पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) आणि कमी दराचे टप्पे दोनदा मोजले जातात.

२०२४ च्या दरांनी हिशेब करून पाहू. मुले नसलेल्या जोडप्यात प्रत्येकाचा पगार ९०,००० डॉलर असेल, तर प्रत्येक कंपनी २९,२०० डॉलर वजा करून वर्षाला ६,८३२ डॉलर कापते, म्हणजे दोन्हीकडे मिळून १३,६६४. प्रत्यक्षात वजावट एकदाच मिळते आणि कर २३,२८२ डॉलर होतो. ९,६१८ डॉलर कमी पडतात, शिवाय दंडही लागू शकतो.

म्हणून दोघांनी ताज्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या) घेऊन एकत्र बसावे आणि फॉर्मच्या दुसऱ्या टप्प्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. घरात दोनच नोकऱ्या असतील आणि कमी असलेला पगार दुसऱ्याच्या निम्म्याहून अधिक असेल, तर २(सी) मधील चौकटीत खूण करावी. ती दोघांच्याही फॉर्मवर हवी. वरील उदाहरणात मग प्रत्येकाचे ११,६४१ डॉलर कापले जातात आणि हिशेब तंतोतंत जुळतो. पगारांत मोठी तफावत असेल तर या खुणेमुळे गरजेपेक्षा जास्त कर कापला जातो. अशा वेळी फॉर्मसोबतच्या तक्त्यात दोन्ही पगारांवरून रक्कम शोधावी, ती वर्षातील पेचेकच्या संख्येने (दर दोन आठवड्यांनी पगार होत असल्यास २६ ने) भागावी आणि जास्त पगार असणाऱ्याच्या फॉर्मवर ४(सी) मध्ये, म्हणजे जादा कपातीच्या रकान्यात, लिहावी. दुसरी नोकरी वर्षाच्या मध्येच सुरू झाली असेल, तर आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) संकेतस्थळावरील एस्टिमेटर, म्हणजे कपातीचा अंदाज देणारे साधन, वापरणे मला अधिक खात्रीचे वाटते.

मुलांची सवलत फक्त जास्त पगाराच्या फॉर्मवर लिहावी. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या भारतातील खात्यातील) ठेवींचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत करपात्र आहे, ही गोष्ट सहज विसरली जाते. ते ४(ए) मध्ये, म्हणजे इतर उत्पन्नाच्या रकान्यात, दाखवावे.

भरलेला फॉर्म आयआरएसकडे न पाठवता आपापल्या कंपनीच्या पेरोल विभागाकडे द्यावा आणि पुढच्या एक-दोन पे-स्टबवर कपात बदलली का, हे तपासावे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा राज्यांच्या करासाठी वेगळा फॉर्म असतो. तोही त्याच बैठकीत भरून टाकावा.