दिव्यांगांचे अनुदान योजना बदलताना का थांबते? या चुका टाळा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये मंजूर आहेत. त्याआधी रक्कम १,५०० होती. वाढ फक्त दिव्यांगांसाठी होती. त्याच योजनेतल्या विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण यांना ती लागू नाही. त्यामुळे एकाच गावच्या यादीत शेजारी असलेल्या दोन नावांत हजार रुपयांचा फरक पडतो, आणि तो ठरतो तहसीलच्या नोंदीत नावापुढे कोणता प्रवर्ग लिहिलाय यावर.

पैसे थांबले किंवा कमी झाले की लोक आधी म्हणतात, ‘नाव कापलं’. खरे तर पात्रता बहुतेक वेळा शाबूत असते. वय, बँक, तालुका किंवा योजना यांपैकी काहीतरी बदललेले असते आणि जुन्या फायलीतली दिव्यांगत्वाची माहिती नव्या नोंदीत पोचलेली नसते. ती आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.

प्रवर्ग कधीच न तपासणे

जुलै २०२३ पासून सगळ्याच प्रवर्गांना १,५०० मिळत होते, म्हणून प्रवर्गाकडे कुणी पाहिले नाही. पोलिओ झालेली एखादी बाई नवरा गेल्यावर ‘विधवा’ म्हणून नोंदली गेली. तेव्हा मृत्यूचा दाखला हाताशी होता, दिव्यांगत्वाचा नव्हता. आज त्या एका शब्दाची किंमत वर्षाला १२,००० रुपये आहे.

तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत जाऊन आपली नोंद कोणत्या प्रवर्गात आहे ते विचारा. चुकीची असेल तर प्रवर्गबदलाचा साधा अर्ज द्या. सोबत यूडीआयडी कार्ड (केंद्राचे दिव्यांग ओळखपत्र), आधार, पासबुकाचे पहिले पान आणि मूळ मंजुरीपत्राची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि घाईने सेतूवर जाऊन नवा अर्ज भरू नका. एकाच आधार क्रमांकावर दोन अर्ज दिसले, तर चालू असलेला लाभही तपासणीत अडकू शकतो.

‘आधार लिंक आहे’ म्हणून निश्चिंत राहणे

सर्वांत जास्त पैसे इथे अडकतात. पूर्वी तहसीलदार बँकेला यादी आणि रक्कम पाठवत आणि बँक खाते क्रमांकावर जमा करी. डिसेंबर २०२४ पासून हे अनुदान डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थ्याच्या खात्यात, येऊ लागले आणि खाते क्रमांकाचे महत्त्व गेले. आता पैसे आधार क्रमांकाच्या मागे जातात.

बँकेत केवायसीसाठी आधार देणे वेगळे आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत ते खाते आधारशी जोडलेले असणे वेगळे. बँकेतला माणूस ‘लिंक आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर बऱ्याचदा पहिली गोष्ट असते. एनपीसीआयकडे एका आधारला एकच बँक असते, आणि सर्वांत शेवटी जोडलेली बँक आधीचीला बाजूला सारते. पोस्टात उघडलेले खाते, बचत गटासाठी काढलेले खाते, मोबाइल दुकानात सही केलेले पेमेंट बँकेचे खाते, यांपैकी कोणतेही ‘शेवटचे’ असू शकते. २०१७ मध्ये सिमच्या केवायसीतून उघडल्या गेलेल्या खात्यांत लाखो लोकांची गॅस सबसिडी अशीच वळली होती. म्हणून ‘पैसे आले नाहीत’ असे म्हणण्याआधी घरातली सगळी पासबुके भरून घ्या.

तपासायला ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार-बँक जोडणीची, स्थिती पाहता येते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. कोणती बँक जोडली आहे आणि जोडणी सक्रिय आहे की निष्क्रिय, दोन्ही दिसते. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा, ‘डीबीटी याच खात्यात’ असे स्पष्ट लिहा, पोच घ्या आणि काही दिवसांनी स्थिती पुन्हा पाहा.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. वर्षानुवर्षे पैसे आईच्या खात्यात येत असतील, तर डीबीटीत ते बंद पडतात, कारण आईच्या खात्याला आईचे आधार जोडलेले आहे. खाते लाभार्थ्याच्याच नावाने लागते. पालक ते चालवू शकतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की बँक कायदेशीर पालकत्वाचा कागद मागू शकते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी तो १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतो. सतराव्या वर्षीच अर्ज तयार ठेवा. पंधराव्या वर्षीचे आधारचे बायोमेट्रिक अद्ययावत केले आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

कायमचा दाखला असताना पुन्हा तपासणीला जाणे

यूडीआयडी मागितले की पुष्कळ जण थेट जिल्हा रुग्णालयाची रांग धरतात. जुना दाखला कायमस्वरूपी असेल तर आधी तोच यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर अपलोड करून कार्डासाठी अर्ज करा. नव्याने तपासणी म्हणजे नव्या निकषांनी नवी टक्केवारी. ४५ची ३८ झाली तर अनुदानच गेले, कारण किमान मर्यादा ४० टक्के आहे. टक्केवारी चुकीची वाटली तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते, पण तोवर लाभ टिकवायला वेगळी धावपळ करावी लागते.

तात्पुरत्या दाखल्याची गोष्ट उलटी. त्यावर मुदतीची तारीख असते. ती संपण्याआधी नूतनीकरण करा. यूडीआयडी आणि आधार यांवरचे नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळायला हवी. एकावर ‘बाळू’ आणि दुसऱ्यावर ‘बाळासाहेब’ असेल तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसे आहेत.

पासष्टी जवळ आली तरी न हलणे

संजय गांधी योजना ६५ वर्षांपर्यंत, पुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दिव्यांगांसाठीची वाढ श्रावणबाळमधल्या दिव्यांगांनाही लागू आहे, पण श्रावणबाळचा अर्ज नुसता ‘वृद्ध’ म्हणून भरला तर १,५००च पदरात पडतील. अर्जात दिव्यांगत्व आणि यूडीआयडी क्रमांक ठळक लिहा आणि कार्डाची प्रत पुन्हा जोडा, जुन्या फायलीत असली तरीही.

अनेक ज्येष्ठांच्या आधारवर १ जानेवारी ही अंदाजे जन्मतारीख आहे. त्यामुळे यंत्रणेतली पासष्टी खरीपेक्षा आधी येऊ शकते. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा ती संधी विचार करून वापरा.

लाडकी बहीण आणि संजय गांधी एकत्र धरणे

दुसऱ्या शासकीय योजनेतून १,५०० किंवा जास्त घेणारी महिला लाडकी बहीणला पात्र नाही. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,०००च्या आत असेल तर संजय गांधीचा मार्ग हजार रुपयांनी सरस आहे. उत्पन्न त्याहून जास्त पण अडीच लाखांच्या आत असेल, तर लाडकी बहीणवरच राहावे लागेल. आधीची योजना सोडण्याची घाई करू नका. तालुका समितीची मंजुरी हातात आली की मगच सोडा, आणि मंजुरी आल्यावर मात्र सोडाच. दोन्हीकडून घेतलेली रक्कम वसुलीत निघू शकते.

उत्पन्नाच्या दाखल्यावरही लक्ष ठेवा. थोरल्याच्या शिष्यवृत्तीसाठी दीड लाखाचा आणि अनुदानासाठी ४८ हजारांचा, असे एकाच वर्षी एकाच घराचे दोन दाखले निघाले की चौकशीत उत्तर देता येत नाही.

कुटुंब निवृत्तीवेतन सुरू झाल्याचे न कळवणे

केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांमागे दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तीवेतन लागले, तर किमान ९,००० महिना म्हणजे वर्षाला १,०८,०००. ५०,०००ची मर्यादा ओलांडली. निवृत्तीवेतन मोठे असल्याने यात तोटा नाही, पण तहसीलला लेखी कळवा. ईपीएसचे (पीएफ खातेदारांच्या पेन्शन योजनेचे) किमान निवृत्तीवेतन १,००० आहे, वर्षाचे १२,०००; घरात दुसरे उत्पन्न नसेल तर अनुदानाला धक्का लागत नाही. तेव्हा ‘पेन्शन लागली’ एवढ्यावरून स्वतःहून अनुदान सोडू नका.

३०० रुपये जादा समजणे

८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनाचे ३०० येतात. हे वरचे नाहीत, एकूण रकमेतला केंद्राचा हिस्सा आहे. पासबुकात दोन नोंदी दिसल्या तर बेरीज करून पाहा.

लग्न किंवा नोकरीने जागा बदलणे

तालुका बदलला की आधी जुन्या तहसीलमध्ये लाभ हस्तांतराचा अर्ज द्या आणि शेवटची रक्कम कोणत्या महिन्याची मिळाली त्याचे पत्र घ्या. राज्य बदलले तर प्रकरण कठीण होते. सावंतवाडीची मुलगी लग्न होऊन पेडण्याला गेली तर महाराष्ट्राचा रहिवास सुटतो, आणि गोव्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना १५ वर्षांचा रहिवास मागते. लग्नाच्या बैठकीत मानपानाबरोबर हेही निघायला हरकत नाही.

थांबल्यावर नुसती वाट पाहणे

आधी आधार सीडिंग, मग सगळी पासबुके, मग तहसीलमध्ये हयात आणि उत्पन्नाच्या दाखल्याची नोंद, शेवटी यूडीआयडीची मुदत, या क्रमाने बघा. दोष सापडून दुरुस्त झाला तरी मागचे महिने आपोआप मिळतील असे समजू नका. थकीत महिन्यांची नावे लिहून वेगळा अर्ज द्या: ‘डिसेंबर ते मार्च, चार महिने, १०,००० रुपये’. उत्तर आले नाही तर आवक क्रमांकासह आपले सरकार पोर्टलवर तक्रार करा. तेही चालले नाही तर माहिती अधिकाराच्या अर्जात एकच प्रश्न विचारा: माझी रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने रोखली?