एंडोमेट्रिओसिस: पाळीतील दुखण्याचे निदान कसे करून घ्यावे

पाळीत थोडेफार दुखतेच, लग्न झाले, मूल झाले की थांबेल, असे म्हणत घरोघरी जे दुखणे झाकले जाते, त्यातच एंडोमेट्रिओसिस वर्षानुवर्षे दडून राहतो. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोष, ओटीपोटाचे आवरण, आतडे किंवा मूत्राशय येथे रुजतात. त्यामुळे सूज येते आणि कधी अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोषात जुने, दाट, तपकिरी रक्त साचून गाठ झाली, की तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना व मुलींना हा आजार असतो.

दवाखान्यात जाण्यापूर्वी दोन-तीन पाळ्यांची नोंद वहीत ठेवावी. ‘खूप दुखते’ एवढ्याने भागत नाही. ‘दुसरा दिवस, पहाटे पाच, उजवीकडून मांडीपर्यंत कळ, शौचाला बसवेना, दोन गोळ्या घेऊनही कॉलेज बुडाले’ अशी नोंद हवी, कारण शौच, लघवी किंवा शरीरसंबंध यांच्या वेळी होणाऱ्या वेदनेवरून आजार कोठे असावा याचा अंदाज बांधता येतो. संबंधांविषयी बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर तेही लिहावे आणि वहीच डॉक्टरांपुढे सरकवावी.

पहिली तपासणी बहुधा योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी असते. ती शक्य नसेल तेथे पोटावरून सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. चॉकलेट सिस्ट यांत सहसा दिसते, परंतु ओटीपोटाच्या आवरणावरचे आजाराचे बारीक ठिपके निसटू शकतात. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या शब्दांवर विषय संपवू नये. सीए-१२५ या रक्तचाचणीवरून निदान होत नाही. पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय, म्हणजे लॅपरोस्कोपीशिवाय, निदान पक्के मानत नसत. एश्रे या युरोपीय संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मात्र लक्षणांवरूनही औषध सुरू करता येते आणि तपासण्यांत काही न दिसल्यास किंवा औषधाचा उपयोग न झाल्यास लॅपरोस्कोपीचा विचार होतो.

उपचार ठरतो तो वेदना किती आणि मूल हवे आहे का यांवरून. वेदनाशामके, गर्भनिरोधक गोळ्या, रोज २ मिलिग्रॅम डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी किंवा हार्मोन असलेली तांबी यांनी दुखणे आटोक्यात येते, आजार मुळासकट जात नाही. डायनोजेस्टवर सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग लागतात, हे ठाऊक नसल्याने घाबरून गोळी सोडू नये. गर्भधारणा हवी असताना मात्र ही हार्मोनची औषधे उपयोगाची नाहीत, कारण ती बीजनिर्मितीच रोखतात किंवा गर्भ राहू देत नाहीत. अशा वेळी शस्त्रक्रिया की आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार), हा प्रश्न उरतो. सिस्ट काढताना बीजकोषातील निरोगी भागही थोडा जातो, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी एएमएच (बीजांडांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावे आणि विशेषतः दोन्ही बाजूंना सिस्ट असतील, तर आधी बीजांडे गोठवून ठेवता येतील का, हे स्पष्ट विचारावे.