लाकडी जहाजाचं मॉडेल करायचंय? मग आधी होडी करा

बहुतेकांचं असं होतं की यूट्यूबवर कोणीतरी केलेली एचएमएस व्हिक्टरी ही जुनी ब्रिटिश युद्धनौका बघतात, तीन डोलकाठ्या, १०४ तोफा, दोऱ्यांचं जंजाळ, आणि डायरेक्ट तेच किट मागवायला निघतात. नका करू. ते मॉडेल नेटाने बसणाऱ्यालाही वर्षानुवर्षं पुरतं, नवख्याचा बॉक्स अर्ध्यात माळ्यावर जातो. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ ला पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतीये, ती करायचं मनात असलं तरी ती तिसरी-चौथी ठेवा.

पहिलं मॉडेल एका डोलकाठीचं छोटं मासेमारीचं जहाज घ्या, किंवा त्याहून सोपं म्हणजे डोरी, म्हणजे सपाट तळाची छोटी होडी, तिला डोलकाठी नसली तरी चालते. स्केल १:२४ च्या आसपास बघा. त्या स्केलला माणूस सात सेंटीमीटरचा येतो, १:९६ ला जेमतेम पावणेदोन, मग कप्प्या आणि गाठी किती बारीक येतील ते तुम्हीच बघा. किट बाहेरून मागवणार असाल तर शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरूनच बजेट काढा.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगला कटर आणि भरपूर ब्लेड्स, स्टीलची पट्टी, चिमटा, छोटी कानस, १२० ते ४०० नंबरचा सँडपेपर, कपड्यांचे चिमटे (हे कितीही असले तरी कमीच पडतात), आणि साधा पांढरा फेव्हिकॉल. फेव्हिक्विक फक्त कुठे पटकन धरून ठेवायचं असेल तिथे एक थेंब, कारण त्याने चुकीचं चिकटलेलं काढता येत नाही आणि डाग पडला की त्या जागी पॉलिश लाकडात मुरत नाही. इलेक्ट्रिक मशीन वगैरे पहिल्या मॉडेलला नकोच.

आता खरं काम. बऱ्याच किटमध्ये मधोमध एक कणा असतो आणि त्याच्या खाचांत आडवे पडदे बसतात, त्यांना बल्कहेड म्हणतात, आणि त्यांच्यावर फळ्या चढवायच्या. पडदे कण्याला काटकोनात आहेत का ते गुण्या लावून बघा, मगच गोंद. ते सुकले की लगेच फळ्या लावायला घेऊ नका, सगळे इथेच घाई करतात. पुढच्या टोकाजवळच्या पडद्यांच्या कडा तिरक्या घासाव्या लागतात. एक सुटी फळी पुढून मागे आडवी धरा आणि नीट बघा, ती पडद्याच्या पूर्ण कडेला टेकली पाहिजे, नुसत्या कोपऱ्यावर टेकत असेल तर अजून घासा. सँडपेपर लाकडी पट्टीला चिकटवून एका वेळी दोन-तीन पडद्यांवरून फिरवा म्हणजे खड्डे पडत नाहीत. अगदी पुढच्या दोन पडद्यांच्या मधे बाल्साचे (हे हलकं, मऊ लाकूड) तुकडे भरून आकार दिलात तर फळीला टेकायला जागा मिळते, किटमध्ये सांगितलं नसलं तरी करा.

मग हिशोब. सगळ्यात रुंद पडद्याची एका बाजूची कड कागदाच्या पट्टीने मोजा. समजा ६० मिमी भरली आणि फळी ५ मिमीची आहे, म्हणजे १२ फळ्या. त्याच १२ फळ्या पुढच्या टोकाला ३६ मिमीत बसवायच्या आहेत, म्हणजे तिथे प्रत्येकी ३ मिमी. तेवढी निमुळती करत न्यायची, पण मूळ रुंदीच्या निम्म्याखाली जाऊ नका, टोक फाटतं. निमुळती न करता रेटून बसवलीत तर फळी कडेवर उभी राहते आणि पुढे सगळंच बिघडत जातं.

वाकवायला फळी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आकारात चिमट्यांनी धरा, आणि पूर्ण सुकू द्या. ओल्या फळीला गोंद लावलात तर सुकल्यावर ती आकसते आणि फटी दिसायला लागतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर रात्रभर ठेवाच. एक फळी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे, एकच बाजू आधी संपवलीत तर कणा पिळतो आणि तो पीळ नंतर काढता येत नाही. राहिलेल्या बारीक फटींना त्याच लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा, पण पॉलिश करणार असाल तर जपून, गोंद लागलेली जागा वेगळी दिसते.

दोऱ्यांचं काम त्या मानाने सोपं, फक्त वेळखाऊ. सुती दोरा मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या, त्याची लव बसते. आधी डोलकाठी धरून ठेवणाऱ्या जाड दोऱ्या बांधा, शिडाच्या दोऱ्या नंतर, आणि दोन्ही बाजू आलटून पालटून ताणा नाहीतर डोलकाठी एकीकडे कलते. शिडं लावलीच पाहिजेत असं काही नाही, मला तरी कापडी शिडं छोट्या मॉडेलवर जाड दिसतात, नुसत्या दोऱ्याच छान वाटतात.

आणि काचेची पेटी आधीच करून घ्या, दोऱ्यांवरची धूळ नंतर पुसता येत नाही.