पायथॉन: 'टू मेनी व्हॅल्यूज टू अनपॅक' हा एरर कसा गेला

लक्षण: फाइलमधली प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट करून (म्हणजे तोडून) तुकडे नाव, पत्ता, पिन या तीन व्हेरिएबलमध्ये घालायचे होते. बऱ्याच ओळी नीट चालत, मग मध्येच वरचा व्हॅल्यू एरर (म्हणजे व्हेरिएबलपेक्षा तुकडे जास्त) येऊन प्रोग्राम बंद. कारण, काही पत्त्यांतच स्वल्पविराम होते, म्हणून तुकडे तीनाऐवजी चार-पाच होत.

जास्तीची व्हेरिएबल वाढवली, तर साध्या ओळी 'नॉट इनफ व्हॅल्यूज' म्हणून अडू लागल्या. पहिले तीनच तुकडे घेतले तर एरर गेला, पण पिनच्या जागी पत्त्याचा तुकडा बसला. हे एररपेक्षा वाईट. अक्षरशः डोकं उठलं.

शेवटी चाललं ते या क्रमाने:

१. स्ट्रिप करून (दोन्ही टोकांची मोकळी जागा काढून) रिकामी ओळ वगळा. रिकाम्या स्ट्रिंगला स्वल्पविरामावर स्प्लिट केलं तरी एक रिकामा तुकडा मिळतोच.

२. स्प्लिटचा निकाल 'तुकडे' मध्ये ठेवा.

३. मधल्या व्हेरिएबलला तारांकन द्या (पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात):

नाव, *पत्ता, पिन = तुकडे

४. 'पत्ता' आता नेहमी लिस्टच (तुकड्यांची यादी) असते, एकच तुकडा असला तरी. म्हणून स्वल्पविरामाने जॉइन करा (जोडा):

पत्ता = ','.जॉइन(पत्ता)

(जॉइन मात्र रोमन लिपीतच टाइप करा.)

एका असाइनमेंटमध्ये असं तारांकन एकदाच चालतं. दोन फील्डमध्ये स्वल्पविराम येत असतील तर ही युक्ती उपयोगी नाही. फील्ड अवतरणचिन्हांत असतील तर सरळ सीएसव्ही मॉड्यूल (अशा स्वल्पविरामांच्या फाइली वाचायला पायथॉनसोबतच येणारं) वापरा.